हॅक झालेले ई-मेल खाते : मेल प्रोग्राम न सोडता ते पुन्हा सुरक्षित कसे करावे

शेतमालाचा व्यापार पूर्वी अडत्याच्या चिठ्ठीवर आणि तोंडी शब्दावर चालत असे. आज द्राक्षे, डाळिंबे वा आंबा दूरच्या बाजारपेठेत पाठविणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि कित्येक बागायतदार यांचा पत्रव्यवहार ई-मेलने होतो. मागणीपत्र, मालाच्या तपासणीचा अहवाल, बिल, बँकेचा खातेक्रमांक ही सारी कागदपत्रे एकाच ई-मेल खात्यात साठत जातात. हे खाते म्हणजे संस्थेच्या दप्तराची खोलीच होय. मात्र दप्तराच्या खोलीला जेवढे जपले जाते तेवढे या खात्याला जपले जात नाही.

खाते हॅक झाल्याचे, म्हणजे परक्याच्या हाती गेल्याचे, ध्यानात येताच पुष्कळ ठिकाणी घाईने पासवर्ड बदलण्यात येतो आणि काम संपले असे समजण्यात येते. ही समजूत चुकीची आहे. शिरकाव केलेला चोर पुढच्या दाराचे कुलूप बदलले जाणार हे जाणूनच असतो. म्हणून तो आत असतानाच मागचे दार उघडे करून ठेवतो. शिवाय ज्या कार्यालयात थंडरबर्ड वा आउटलुक यांसारख्या मेल प्रोग्रामद्वारे संगणकावर पत्रे उतरवून घेतली जातात, तेथे खात्याची एक किल्ली त्या संगणकातही असते. तिचा विचार न केल्यास नवा पासवर्डही चोरीस जाऊ शकतो. खाते पुन्हा ताब्यात घेताना कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत, हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे.

नुकसान कसे होते

समजा, नाशिक जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने नेदरलँड्समधील खरेदीदारास द्राक्षांचा एक कंटेनर पाठविला आहे. कंपनीच्या ई-मेल खात्यात चोराने प्रवेश मिळविला आहे. पण तो लगेच काहीच करीत नाही. कित्येक दिवस तो केवळ पत्रे वाचतो. माल केव्हा निघाला, बिल किती रकमेचे आहे, पत्राखाली सही कोण करतो, हे तो शांतपणे पाहतो. नंतर तो खात्यात एक नियम बसवितो : खरेदीदाराकडून येणारे प्रत्येक पत्र समोरच्या पेटीत न दिसता परस्पर दुसऱ्या कप्प्यात जावे. त्यानंतर कंपनीच्याच खात्यातून खरेदीदारास पत्र जाते की, कंपनीचे बँकखाते बदलले असून रक्कम पुढील क्रमांकावर भरावी. खरेदीदारास शंका येऊन त्याने काही विचारले, तरी ते पत्र कंपनीच्या दृष्टीस पडत नाही. त्याचे उत्तर चोरच देतो.

पैसे भरले गेल्याचे खरेदीदार सांगतो आणि पैसे आले नाहीत असे कंपनी सांगते, तेव्हा हा प्रकार उघडकीस येतो. तोपर्यंत रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरून गेलेली असते. ज्या सभासदांनी वर्षभर छाटणी, फवारणी आणि मजुरी यांवर खर्च केला, त्यांच्या हंगामाचे मोल अशा रीतीने एका पत्राने नाहीसे होऊ शकते.

प्रथम निदान करावे

पानावर डाग दिसला म्हणजे प्रत्येक वेळी एकच रोग असतो असे नाही. ई-मेलचेही तसेच आहे. ‘तुमच्या नावाने विचित्र पत्र आले’ असे कोणी सांगितल्यास त्याचे अर्थ दोन होतात.

पहिला अर्थ असा की, कोणीतरी पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव खोटे लिहिले. ई-मेल पोहोचविण्याची जी पद्धत १९८२ साली प्रसिद्ध झाली तीत पाठविणाऱ्याच्या नावाची शहानिशा करण्याची सोय नव्हती. तशी साधने पुढे आली. तरीही खोटे नाव घातलेली पत्रे आजही येतात. अशा वेळी खात्यात कोणीही शिरलेले नसते. दुसरा अर्थ असा की, चोर खरोखरच खात्यात शिरला आहे. पुढील लक्षणांपैकी एखादे जरी आढळले तरी दुसरा अर्थ गृहीत धरून चालावे :

(१) पाठविलेल्या पत्रांच्या कप्प्यात आपण न लिहिलेली पत्रे दिसणे.
(२) वाचलेली नसताना पत्रे वाचल्याची खूण दिसणे, किंवा येणे अपेक्षित असलेली पत्रे न येणे.
(३) मेल प्रोग्राम एकाएकी पुन्हा पुन्हा पासवर्ड मागू लागणे.
(४) पासवर्ड बदलल्याची वा नव्या यंत्रावरून प्रवेश झाल्याची सूचना येणे.
(५) खात्याच्या प्रवेशांच्या नोंदीत अनोळखी ठिकाण वा यंत्र दिसणे.

जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडल्यास पत्रांच्या यादीच्या तळाशी उजव्या बाजूस अखेरच्या वापराची नोंद असते. तेथील ‘डिटेल्स’ या शब्दावर क्लिक केल्यास अलीकडील प्रवेश दिसतात. ही नोंद आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय हितावह आहे.

मेल प्रोग्राम आणि खाते यांचा संबंध

वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसलेल्या गावी मेल प्रोग्राम फार उपयोगी पडतो. जोडणी असताना पत्रे उतरवून घेता येतात व नंतर सावकाश वाचता येतात. जुनी पत्रेही संगणकावर राहतात. म्हणून हॅक झाल्यावर तो सोडून देण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या कामाची रीत समजून घेतली पाहिजे.

पत्रे मुळात सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. ती संगणकावर आणण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पॉप या पद्धतीत पत्रे उतरवून संगणकात ठेवली जातात. सर्व्हरवर ती राहू द्यावयाची की नाही हे ठरविता येते. आयमॅप या पद्धतीत संगणकावरील कप्पे हे सर्व्हरवरील कप्प्यांचे प्रतिबिंब असते. याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. चोराने सर्व्हरवरील पत्रे पुसली असतील, तर आयमॅपने जोडलेला संगणक पुढच्या जोडणीच्या वेळी तीच पत्रे आपल्याकडूनही पुसून टाकतो. प्रोग्राम पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याच्या भरात पुराव्याची शेवटची प्रत याच रीतीने नष्ट होते.

दुसरी गोष्ट किल्लीची. प्रत्येक वेळी पासवर्ड लिहावा लागू नये म्हणून मेल प्रोग्राम तो संगणकात साठवून ठेवतो. संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरले असेल तर साठविलेला पासवर्ड त्याच्या हाती लागतो. दूषित संगणकावर बसून नवा पासवर्ड तयार करणे म्हणजे रोगट रोपवाटिकेतील रोपे नव्या शेतात लावण्यासारखेच आहे.

उपाययोजनेचा क्रम

पुढील कामे दिलेल्या क्रमानेच करावीत.

१. संगणक इंटरनेटपासून तोडावा. केबल काढावी वा वायफाय बंद करावे. त्यानंतरच मेल प्रोग्राम उघडावा. थंडरबर्डमध्ये डाव्या बाजूस ‘लोकल फोल्डर्स’ असा विभाग असतो. त्यात एक नवा कप्पा करून महत्त्वाची पत्रे, विशेषतः खरेदीदार व बँक यांची पत्रे, त्यात नकलून घ्यावीत. या विभागातील पत्रांना सर्व्हरवरील पुसापुशी लागू होत नाही. चोराने पाठविलेली पत्रेही पुसू नयेत. ती पुरावा आहेत.

२. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावा. ज्याच्याविषयी संशय नाही असा मोबाईल वा संगणक वापरावा. आलेल्या पत्रातील दुव्यावर क्लिक न करता सेवेचा पत्ता स्वतः लिहून खाते उघडावे. चोराने पासवर्ड बदलून मालकालाच बाहेर ठेवले असेल तर खाते परत मिळविण्याच्या अधिकृत सोयीचा अवलंब करावा आणि तो नेहमीच्या मोबाईलवरून व नेहमीच्या जागेवरून करावा. ओळख पटण्यास त्याची मदत होते. यात दिरंगाई करू नये. ‘पैसे द्या, खाते सोडवून देतो’ असे सांगणाऱ्या त्रयस्थाच्या नादी लागू नये.

३. इतर सर्व यंत्रांवरील प्रवेश बंद करावेत. खात्याच्या सुरक्षा विभागात प्रवेश केलेल्या यंत्रांची यादी असते. अनोळखी यंत्र काढून टाकावे. शंका असल्यास सर्वच काढावीत. स्वतःच्या यंत्रावर पुन्हा प्रवेश करणे कठीण नाही.

४. मागची दारे शोधावीत. हा या कामाचा गाभा होय. नव्या पासवर्डाने पुढील गोष्टी आपोआप दुरुस्त होत नाहीत :

(अ) पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठविण्याची व्यवस्था, म्हणजे फॉरवर्डिंग.
(आ) ठराविक पत्रे लपविणारे वा पुसणारे नियम, म्हणजे फिल्टर. ‘बिल’, ‘पेमेंट’, ‘बँक’ यांसारखे शब्द असलेला अनोळखी नियम दिसल्यास त्याचे छायाचित्र घेऊन मग तो काढावा.
(इ) खाते परत मिळविण्यासाठी नोंदविलेला मोबाईल क्रमांक व दुसरा ई-मेल. येथे चोराचा क्रमांक राहिला तर तो पुन्हा खात्यात येऊ शकतो.
(ई) पत्राचे उत्तर कोठे जावे हे ठरविणारा ‘रिप्लाय-टू’ पत्ता. संस्थेच्या पत्त्यात एखादे अक्षर बदलून केलेला पत्ता येथे सहज नजरेतून सुटतो. म्हणून तो अक्षर-अक्षर लावून वाचावा. मेल प्रोग्रामच्या खाते-मांडणीतही असा रकाना असतो, तोही पाहावा.
(उ) पत्राखालील सही. तीत बँकेचा वा दूरध्वनीचा क्रमांक बदललेला नाही ना, याची खात्री करावी.
(ऊ) खाते वापरण्याची परवानगी दिलेल्या अन्य व्यक्ती, अन्य ॲप आणि ॲप पासवर्ड. पासवर्ड बदलल्यावर यांपैकी कोणती परवानगी आपोआप रद्द होते हे प्रत्येक सेवेत निरनिराळे असते. सबब प्रत्येक नोंद स्वतः पाहून अनोळखी ती रद्द करावी.

कचऱ्याचा कप्पाही तपासावा. जीमेलमध्ये पुसलेली पत्रे ३० दिवस तेथे राहतात. त्या मुदतीत ती परत मिळविता येतात.

५. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. हिच्या योगाने पासवर्डाबरोबर मोबाईलवरील मान्यता वा सांकेतिक अंकही लागतो. केवळ पासवर्ड मिळालेल्या चोरास बहुतेक वेळा येथेच अडावे लागते. हे अंक कोणासही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यासही, सांगू नयेत. मोबाईल हरविल्यास उपयोगी पडावेत म्हणून जीमेल १० राखीव क्रमांक देते. ते कागदावर लिहून सातबारा उतारे व पासबुके असतात त्याच कपाटात ठेवावेत. त्यांचे छायाचित्र त्याच ई-मेलमध्ये ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणे होय.

६. संगणक स्वच्छ करावा. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हे साधन अंगभूत असून त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ ही सोय आहे. तिने नेहमीची प्रणाली सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते. अनोळखी व चोरटी सॉफ्टवेअर काढावीत. दोष निघत नसेल तर कागदपत्रे नकलून घेऊन विंडोज नव्याने बसविणे इष्ट. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा संगणकावर संस्थेचा पत्रव्यवहार ठेवणे धोक्याचे आहे.

७. सर्वांत शेवटी मेल प्रोग्राम पुन्हा जोडावा. याची रीत पुढे दिली आहे.

मेल प्रोग्रामची पुनर्जोडणी

थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या विभागात ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ असा भाग आहे. संगणक इंटरनेटला जोडण्यापूर्वी त्यातील या खात्याच्या जुन्या नोंदी काढून टाकाव्यात. नंतर खात्याच्या मांडणीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या, अशा दोन्ही सर्व्हरची माहिती तपासावी. आयमॅपसाठी सुरक्षित जोडणीचा पोर्ट ९९३, पॉपसाठी ९९५, आणि पत्रे पाठविण्यासाठी ४६५ किंवा ५८७ असतो. सर्व्हरचे नाव सेवेने सांगितलेलेच आहे, याची खात्री करावी.

प्रवेशाच्या पद्धतीत ‘ओऑथ २’ हा पर्याय निवडावा. ही पद्धत निवडली म्हणजे जोडणीच्या वेळी सेवेचीच एक खिडकी उघडते. तीत पासवर्ड व दुसऱ्या टप्प्याचा अंक द्यावा लागतो. त्यानंतर मेल प्रोग्रामजवळ पासवर्ड राहत नाही. केवळ पत्रे आणण्या-पाठविण्याचा एक परवाना राहतो. संगणक हरवला वा बिघडला, तर तेवढा परवाना खात्यातून रद्द करता येतो. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी निव्वळ पासवर्डावर चालणाऱ्या प्रोग्रामांचा प्रवेश ३० मे २०२२ पासून, तर मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केला. त्यामुळे या सेवांशी मेल प्रोग्राम जोडण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

मेल प्रोग्राम जुना असून त्यास ओऑथ २ समजत नसेल, तर प्रथम त्याची नवी आवृत्ती घ्यावी. ते अशक्य असल्यास जीमेलसारखी सेवा त्या प्रोग्रामपुरता १६ अक्षरी ॲप पासवर्ड देते. परंतु ॲप पासवर्डाला दुसरा टप्पा लागत नाही, हे लक्षात ठेवावे. तो एकाच यंत्रासाठी घ्यावा, कोणास देऊ नये आणि गरज संपताच रद्द करावा.

शेवटी ‘प्रायमरी पासवर्ड’ लावावा. तो नसल्यास थंडरबर्डच्या माहितीचा फोल्डर उचलून नेणाऱ्यास त्यातील साठविलेले पासवर्ड उघडता येतात. मेल प्रोग्राममधील स्वतःचे संदेश-नियमही एकदा वाचून पाहावेत. पत्रे नीट येऊ लागल्यावर लोकल फोल्डर्समध्ये राखलेली पत्रे पुन्हा मूळ कप्प्यात ठेवता येतात. तथापि, ती राखीव प्रत लगेच पुसू नये.

संबंधितांस कळविणे व तक्रार

खाते सुरक्षित होण्याची वाट न पाहता खरेदीदार, बँक व वाहतूकदार यांना दूरध्वनीने सावध करावे. ही सूचना ई-मेलने देऊ नये. त्या वेळी ते पत्र चोरही वाचत असतो. सभासदांपासूनही ही गोष्ट लपवू नये. संकोचाने वेळ जातो, आणि रक्कम वाचण्याची शक्यता वेळेवरच अवलंबून असते.

पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात नोंदविता येते. परदेशी खरेदीदाराने पैसे भरले असतील, तर त्यानेही आपल्या बँकेस व तेथील पोलिसांस त्याच दिवशी कळविले पाहिजे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी व ६६-डी अन्वये गुन्हे असून त्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राखून ठेवलेली पत्रे व छायाचित्रे या वेळी उपयोगी पडतात.

पुढील खबरदारी

पासवर्ड लांब असावा आणि अन्य कोठेही वापरलेला नसावा. गावाचे नाव, गट क्रमांक, मोबाईल क्रमांक वा मुलांची नावे पासवर्डात नसावीत. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला पासवर्ड ध्यानात राहतो आणि ओळखण्यास कठीण जातो. एका दुकानाच्या वा ॲपच्या यादीतून फुटलेला पासवर्ड चोर ई-मेलवर चालवून पाहतात; म्हणून एकच पासवर्ड दोन ठिकाणी ठेवू नये.

संस्थांमध्ये एकच खाते अध्यक्ष, सचिव व लिपिक असे तिघे-चौघे वापरतात आणि माणसे बदलली तरी पासवर्ड तोच राहतो. ही प्रथा बंद करावी. ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याची नोंद असावी, आणि कार्यभार सोपविताना शिक्क्यांप्रमाणेच पासवर्डाचाही बदल व्हावा.

बँकखाते बदलल्याचे पत्र आले वा गेले, तर पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री केल्याशिवाय पैसे भरू नयेत, असे खरेदीदाराशी हंगामापूर्वीच ठरवावे. पत्रातच दिलेला नवा क्रमांक यासाठी वापरू नये. या एका नियमास काहीही खर्च नाही, आणि खाते हॅक झाले तरी पैसा वाचविण्याचे सामर्थ्य त्यात आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील संस्थांच्या कार्यालयात हंगाम सुरू होण्यापूर्वी एक प्रात्यक्षिक ठेवावे. त्यात प्रवेशांची नोंद, फॉरवर्डिंग व फिल्टर या तीन जागा प्रत्यक्ष उघडून दाखवाव्यात आणि दोन टप्प्यांची पडताळणी तेथेच सुरू करून द्यावी. सभासदांचा पासवर्ड मात्र कार्यकर्त्याने स्वतः विचारू नये व लिहूनही घेऊ नये. तो टंकित करताना नजर दुसरीकडे ठेवावी. तसे केल्याने पासवर्ड कोणासही सांगावयाचा नसतो हा धडा न बोलताच मिळतो.

तात्पर्य

खाते हॅक झाल्यावर संगणक इंटरनेटपासून तोडावा, पत्रे राखावीत, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावा, मागची दारे बंद करावीत, दुसरा टप्पा लावावा, संगणक शुद्ध करावा आणि मगच मेल प्रोग्राम नव्या परवान्याने जोडावा. हा क्रम एका कागदावर लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावावा, म्हणजे ऐन वेळी गोंधळ उडणार नाही. पीक घरी येईपर्यंत शेतकरी राखण करतो. त्याचा पैसा घरी येईपर्यंत ही राखणही त्याने केली पाहिजे.